गौरीची उसनवारी

आमच्या गोठ्यात दोन एचएफ, म्हणजे होल्स्टीन संकरित, गाया आणि एक म्हैस. गाव कोल्हापूरजवळचं, करवीर तालुक्यातलं. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की गाडीवर वीस मिनिटं. दूध दोन्ही वेळेला संस्थेत जातं, दर दहा दिवसांनी बिल होतं, आणि त्या बिलावर आमचा किराणा आणि पोराची शाळा चालते. गौरी आमची मोठी गाय. सात वर्षांची, चौथं वेत, वजन चारशे किलोच्या आसपास. १४ मे २०२५ ला व्याली, कालवड झाली. घरात सगळे खूश.

२ जूनला, सोमवारी, सकाळच्या धारेला नऊऐवजी चारच लिटर दूध निघालं. पेंडीला तोंड लावेना. अंग भट्टीसारखं. पहिल्यांदा ज्यांना बोलावलं त्यांनी ताप बघितला, १०५ होता. तापाचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी ताप उतरला, सकाळी परत चढला. असं तीन दिवस चाललं. रक्त तपासूया का म्हणून मी विचारलं, तर "पावसाच्या तोंडाला येतंयच असं" एवढंच उत्तर. १,३५० रुपये झाले. पैशांचं काही वाटत नाही, ते तीन दिवस मात्र अजून डाचतात. ताप दुसऱ्या दिवशी परत आला तर रक्ताचा नमुना काढायला सांगायचं, आणि समोरचे वैतागले तरी सांगायचं, हे मी तिथं शिकले.

५ जूनला आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गौरीच्या अंगावरून हात फिरवत होत्या. खांद्याच्या पुढं लिंबाएवढी गाठ त्यांच्या हाताला लागली. दुसऱ्या बाजूलाही तशीच. मग दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आल्या आल्या ताप बघितला नाही, आधी गाठी चाचपल्या आणि डोळ्याची खालची पापणी उलटी केली. आतून गुलाबी असायला हवी ती चुना लावल्यासारखी पांढरट दिसत होती, कडेला पिवळी झाक. पहिला प्रश्न, "गोचीड कितपत हाईत गोठ्यात?" होते. यंदा मे महिन्यातच पावसानं गाठलं, फवारणी राहून गेली आणि भिंतीच्या भेगांत त्यांची वस्ती वाढली.

कानाच्या शिरेतून एक थेंब काचेवर पसरवला, मानेच्या शिरेतून जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं. ते घेऊन मी गाडीवर कोल्हापुरात गेले. नळी थर्मासमध्ये न्यायची, पण बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, कापडात गुंडाळायची. रक्ताचा बर्फ झाला तर तांबड्या पेशी फुटतात आणि रिपोर्ट वाया जातो. तपासणीचे ३०० रुपये. संध्याकाळी साडेसहाला रिपोर्ट आला. थायलेरिया, गोचिडांमुळं होणारा रक्ताचा आजार. हिमोग्लोबिन ५.१, गायीचं साधारण ८ ते १५ असतं.

त्याच रात्री थायलेरियाचं इंजेक्शन झालं. वीस किलोला एक मिली, म्हणजे गौरीला वीस मिली, पूर्ण बाटली. १,४५० रुपये. मानेच्या मांसात दोन ठिकाणी वाटून दिलं. डॉक्टर सुई काढता काढता म्हणाले, "ह्यानं जंतू मरतील वहिनी. पण ज्या तांबड्या पेशी गेल्यात त्या ह्यानं येत न्हाईत. त्या तिच्या हाडातनंच तयार व्हायला पाहिजेत, आणि त्याला पाच-सात दिवस लागतात. तेवढे दिवस काढले पाहिजेत."

मला हे पचायला वेळ लागला. रक्त कुठं सांडलं नव्हतं. ना जखम, ना शेणात रक्त, ना लाल मूत. आणि तरी रक्त जात होतं. गोचीड चावताना तो परजीवी अंगात सोडते, तो आधी गाठींमधल्या पांढऱ्या पेशींत वाढतो, मग तांबड्या पेशींत शिरतो आणि शरीर त्या पेशी मोडीत काढतं. त्यात गौरी ताजी व्यालेली, संकरित. देशी गायी हे बऱ्यापैकी सोसतात, एचएफला झेपत नाही.

७ जूनला शनिवारी गौरी दावणीला अंग टेकून उभी होती. नुसतं उभं राहून धापा टाकत होती. मी मिनिटाला साठ श्वास मोजले. मागचे पाय लटपटत होते. बकरी ईदची सुट्टी, सरकारी दवाखाना बंद. लॅब दुपारपर्यंत उघडी मिळाली हे नशीब. हिमोग्लोबिन ३.४.

"रक्त द्यायला लागंल," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी. तुम्ही रक्त देणारी गाय बघून ठेवा."

मामंजी म्हणाले, "आपल्या म्हशीचं घ्या की. म्हशीचं दूध दाट, रक्तबी दाट असंल." डॉक्टर हसले नाहीत, नीट समजावलं. म्हैस वेगळी जात, तिचं रक्त गायीला चालत नाही. गायीलाच गाय पाहिजे. आमची दुसरी गाय सोनी सहा महिन्यांची गाभण, म्हणजे ती बाद. देणारी गाय धडधाकट, मोठ्या अंगाची, गाभण नसलेली, लसी झालेली, आणि आधी तिचंही रक्त तपासलेलं पाहिजे. माणसासारखं ए-बी-ओ गायीत नाही. तिच्यात रक्तगटांच्या अकरा वेगवेगळ्या प्रणाली आहेत, तंतोतंत जुळणारी गाय सापडणं अवघडच. पण गायीला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना सहसा काही बिघडत नाही, धोका दुसऱ्या वेळेला असतो. "हिला आधी कधी रक्त दिलंय?" हा प्रश्न डॉक्टरांनी मला दोनदा विचारला.

रक्त चढवणं सोपं, रक्त मागणं अवघड. त्या दुपारी मी आणि आमचे हे चार घरं फिरलो. एका घरी गाय गाभण निघाली. एकांना वाटलं दूध कायमचं आटेल. एका काकूंनी तोंडाला पदर लावला, "गायीचं रगात काढायचं? नगं बाई." कुणाचा राग आला नाही. आठवड्यापूर्वी माझ्या दारात कुणी असं मागायला आलं असतं तर मीही आत जाऊन सासूबाईंना विचारून येते म्हटलं असतं आणि बाहेर आलेच नसते.

चौथं घर बापूंचं. त्यांची तांबू पाच वर्षांची, साडेचारशे किलोची, जानेवारीत व्यालेली, अजून भरवलेली नव्हती. बापूंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव आणि आवाज मोठा कर." मग उंबऱ्यावर बसून एकेक प्रश्न. किती काढणार? साडेतीन लिटर, किलोमागं दहा मिलीच्या आतच. म्हणजे तिच्यातलं किती? साधारण आठवा-नववा हिस्सा. दूध किती दिवस कमी? दोन-चार दिवस. गाय पडली तर? पडायची शक्यता कमी, तरी काढताना मी तिच्याजवळच असेन, लागलीच सलाईन लावेन. बापूंनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि शेवटचा प्रश्न विचारला, "आणि माझ्याच गायीला रक्त कमी असलं तर?"

हाच प्रश्न सगळ्यांत बरोबर होता. तांबूचा नमुना घेऊन मी परत कोल्हापुरात. ३०० रुपये अर्थात आमचे. हिमोग्लोबिन १०.६, काचेवर परजीवी नाही. बापूंनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. इंग्रजीत होता. मग घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. "ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

त्याच फेरीत पिशव्यांचं काम. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ३५० मिलीच्या रक्ताच्या पिशव्या १२, रक्ताचे सेट २, जाड सुया ४. माणसांसाठीच्या ज्या पिशव्या असतात त्याच. रक्त गोठू न देणारं औषध त्यांत आधीच भरलेलं असतं. सीपीआर ह्या मोठ्या सरकारी दवाखान्यासमोरच्या मेडिकलच्या ओळीत पहिल्या दोन दुकानांत "रिकाम्या पिशव्या मिळत नाहीत, ब्लड बँकेत जा" असं ऐकून निघाले. तिसऱ्या दुकानात एका पोरानं चिठ्ठी घेतली, वही काढली.

"पेशंटचं नाव?"
"गौरी."
"वय?"
"सात."
त्यानं मान वर केली. "लहान हाय ओ. बारा पिशव्या?"
"गाय आहे."
त्यानं वहीत 'गौरी (गाय)' असं लिहिलं आणि आतून खोका काढून आणला. १९० ला एक, बाराचे २,२८०. सेट आणि सुया २६०. लेटरहेडवरची चिठ्ठी आणि त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसता तर इथूनही मोकळ्या हातानं आले असते. मोजून दहाच घेऊ नका. दोन जास्त घ्या, का ते पुढं सांगते.

८ जून, रविवार. सकाळी साडेसातला डॉक्टर आणि त्यांचा मदतनीस आले. आधी बापूंचा गोठा. तांबूच्या मानेवरचे केस कातरले, आयोडीननं पुसलं, मानेच्या बुडाला दोरी आवळली. शीर अंगठ्याएवढी फुगली. सुई आत गेली आणि नळीतून काळपट लाल धार पिशवीत उतरायला लागली. पिशवी गायीपेक्षा खाली धरायची आणि सारखी हळूहळू डुलवायची, म्हणजे आतलं औषध रक्तात मिसळतं. हे काम माझ्याकडं. डॉक्टरांनी माझ्या स्वयंपाकघरातला काटा आणायला सांगितला होता. रक्ताआधीचं पिशवीचं वजन करून ठेवायचं आणि त्यावर ३७० ग्रॅम चढले की नळी बंद. जास्त भरलं तर औषध पुरत नाही, गुठळी होते. पिशवी हातात घेतली की एवढी ऊबदार लागायची, की पहिल्यांदा मी दचकले. आजारी पोराच्या अंगाची ऊब कशी असते, तशी.

बापू दोरी धरून तांबूच्या तोंडाशी उभे. तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. तिसऱ्या पिशवीला माशी बसली म्हणून तांबूनं मान झटकली, सुई निसटली, पिशवीत अर्ध्यावर गुठळ्या झाल्या. ती फेकली. जास्तीच्या पिशव्या एवढ्यासाठी. दहा पिशव्या भरायला दीड तास लागला. मग तांबूला सलाईन, आणि बादलीभर गुळाचं पाणी तिनं एका दमात ओढलं.

आमच्या गोठ्यात वाशाला दोरी बांधून पिशवी टांगली. मामंजींनी कॅल्शियमची बाटली तयार ठेवली होती, व्यालेली गाय म्हणून. डॉक्टरांनी ती उचलून थेट खिडकीत ठेवली. पिशवीतलं औषध रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून रक्त गोठत नाही. त्याच नळीतून कॅल्शियम गेलं तर नळीतच गुठळी. "आज हिला हात लावायचा न्हाई."

पहिलं शंभरेक मिली थेंबाथेंबानं सोडलं आणि थांबले. पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. अंगावर गांध्या उठतात का, थरथर, लाळ, वाढलेली धाप, बेचैनी. तसं काही झालंच तर लागलीच द्यायचं ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून डॉक्टरांनी शर्टाच्या खिशाला अडकवून ठेवलं होतं. त्या पंधरा मिनिटांत गोठ्यात कुणी बोललं नाही. काही झालं नाही, मग वेग वाढवला. दुसऱ्या पिशवीला गौरी शहारली. माझ्या पोटात गोळा. नळी बंद केली, ताप बघितला, छाती ऐकली. काही नाही. पत्र्याच्या फटीतून पावसाचे तुषार तिच्या पाठीवर येत होते, बहुधा तेच. दहा मिनिटांनी परत सुरू. एकेक पिशवी कोमट पाण्यात धरायची, गरम पाण्यात अजिबात नाही. दहाही पिशव्या साडेतीन तासांत संपल्या. काढलेलं रक्त तसंच ताटकळत ठेवायचं नसतं.

सहाव्या की सातव्या पिशवीच्या वेळी माझं लक्ष गौरीच्या कानाकडं गेलं. पिवळा बिल्ला नव्हता. कान फाटून कधीतरी पडला असणार. विम्याच्या पॉलिसीत बारा अंकी नंबर त्या बिल्ल्याचा. ही गेली आणि बिल्ला नसला तर क्लेम कसा होणार, हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि ती समोर जिवंत उभी असताना आला म्हणून माझी मलाच लाज वाटली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "लाज कसली, सोमवारी पहिलं तेच काम करा." सोमवारी सरकारी दवाखान्यातून नवीन बिल्ला मारून घेतला, भारत पशुधन ह्या सरकारी जनावर-नोंदणीत बदल करून घेतला, जुना-नवा नंबर असलेला दाखला घेतला, तो अर्जासोबत विमा कंपनीला दिला आणि आपल्या प्रतीवर पोहोच शिक्का घेतला. दोन खेपा झाल्या, कारण पहिल्या खेपेला पॉलिसीची झेरॉक्स नव्हती. उपचाराचा खर्च आमच्या पॉलिसीत बसत नाही, गाय दगावली तरच भरपाई. तरी तुमच्या जनावरांच्या कानांकडं आजच एकदा बघून घ्या.

९ जूनला हिमोग्लोबिन ४.५. धाप कमी झाली. १० जूनला वटपौर्णिमा. वडाला जाताना बघितलं, तर नखांच्या कडेला अजून तपकिरी रेघ होती. परत आले तर गौरी मक्याची हिरवी वैरण खात होती. हळूहळू, पण खात होती.

मग १३ जूनचा रिपोर्ट आला. ४.०.

मी लॅबच्या पायरीवरच बसले. एवढं करून खाली? डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, ऐकलं मीच नव्हतं. गायीत दुसऱ्या गायीच्या तांबड्या पेशी जेमतेम काही दिवस टिकतात, नंतर शरीर त्या मोडून टाकतं. "हातउसने घेतलेले पैसे समजा," ते फोनवर म्हणाले. "ऊस गेला म्हणून बिल लगेच येत न्हाई. तवर किराणा चालवायला उसने घेतले. आता उसने संपत आले, बिल यायचं हाय. गाय खाते का? धाप हाय का? मग कागदाकडं बघू नका, गायीकडं बघा." दुसऱ्यांदा रक्त द्यायचं तर आठवड्याच्या आतच. पुढं उशीर होईल तसं तिच्या रक्तात विरोध तयार होतो आणि मग खरंच जिवावर बेतू शकतं. म्हणजे माझ्याकडं दोन दिवस होते. ते दोन दिवस मी दर तीन तासांनी श्वास मोजले, वहीत लिहिले. ३६, ३४, ३८, ३२. रक्त परत दिलं नाही. २० जूनला ५.३ आलं. हे तिचं स्वतःचं होतं.

ह्या काळातलं दूध डेअरीला घातलं नाही. औषधांचे दिवस संपेपर्यंत, आणि वर आठवडाभर, ओतून दिलं. कालवडीला म्हशीचं पाजलं. १० जुलैला हिमोग्लोबिन ८.१, सकाळचं दूध सहा लिटर. नवावर ती ह्या वेतात परत आली नाही, आणि येईल असं कुणी सांगितलंही नव्हतं. सगळा खर्च वहीत मांडला तो १२,४८०. त्यात तपासण्या सात वेळच्या २,१००, डॉक्टरांच्या फेऱ्या आणि रक्ताचा दिवस मिळून ३,४००, सलाईन आणि रक्तवाढीची औषधं १,६४०, बाकीचे आकडे वर आलेच. गोठ्याच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, त्याचा खर्च वेगळा. थायलेरियाची लस असते हेही तेव्हाच कळलं. सोनीला व्याल्यावर द्यायची ठरलीय.

तांबूचं दूध तीन दिवस दीड-दीड लिटरनं कमी आलं. मी हिशोब करून पैसे घेऊन गेले, बापूंनी घेतले नाहीत. दोन भारे वैरण मात्र ठेवून घेतली. तिचा रिपोर्ट अजून त्यांच्याकडं आहे, संस्थेत कुणी विषय काढला की खिशातून निघतो.

ऑगस्टमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं जनावरांच्या रक्तदानाच्या आणि रक्तपेढ्यांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉक्टरांनी त्या मोबाईलवर दाखवल्या. रक्त स्वेच्छेनं द्यायचं, पैसे घेऊन नाही, आणि देणारं जनावर आधी तपासायचं. बापूंना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्या जूनातच सांगितलं हुतं."

आणि परवा रात्री नऊला डॉक्टरांचा फोन. पलीकडच्या गावात एक गाय, तशीच, ३.८. मी पटकन म्हटलं, गौरीचं घ्या की, आता ती चांगली आहे. तर नाही. थायलेरियातून उठलेली गाय बरी दिसली तरी परजीवी तिच्या रक्तात थोडा थोडा राहतो. तिचं रक्त कधीच कुणाला देता येणार नाही. सोनी आता व्यायला टेकलेली. तांबू चालली असती, पण बापूंनी तिला जुलैत भरवली, ती गाभण.

फोन ठेवला आणि चप्पल घालून बाहेर पडले. वरच्या आळीत, जूनमध्ये जिथं नाही म्हणाले होते, त्या काकूंकडं एक गाय आहे. कडी वाजवली तेव्हा आत टीव्ही चालू होता.